पैशाची प्रश्नोत्तरे : स्टॉपलॉस लावतो आणि ऐनवेळी काढून टाकतो

प्रश्न : ताई, डिचोलीत माझं औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बसूनच मोबाइलवर निफ्टीचे ऑप्शन (शेअर बाजाराच्या निर्देशांकावरचे ठरावीक मुदतीचे सौदे) घेतो. चार लाखांनी सुरुवात केली, आता दोन लाख साठ हजार उरलेत. नियम सगळे पाठ आहेत. स्टॉपलॉस (ठरवलेल्या भावाला आपोआप विकून तोटा थांबवणारी ऑर्डर) लावतोही, पण भाव तिथे पोचत आला की ऑर्डर रद्द करतो. मग तोटा भरून काढायला दुप्पट लॉट (सौद्याचे ठरावीक आकाराचे गठ्ठे) घेतो. बायकोला यातलं काही माहीत नाही. आमच्या घरातच संयम नाही की काय? २०१२मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यावर बाबांनी पुढच्याच वर्षी खनिज वाहायचा ट्रक मिळेल त्या भावात विकला. कर्जाचे हप्ते चालू होते हे खरं, पण २०१५मध्ये खाणी पुन्हा सुरू झाल्या! मन ताब्यात कसं ठेवायचं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : भाऊ, तुमच्याकडे संयम आहे, आणि तो भलत्या जागी खर्च होतोय. तोट्यातला सौदा तुम्ही तासन्‌तास धरून बसता. नफ्यातला किती वेळ धरता, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी अंदाज करू शकते. पणजीत ब्रोकरच्या डीलिंग टेबलवर माझी नोकरीची वर्षं गेली. थोडा नफा दिसला की ‘काढ, काढ’ म्हणून फोन यायचा. तोटा दिसला की फोनच यायचा नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. गुंतवणूकदारांच्या वागण्याचे अभ्यासक टेरन्स ओडीन यांनी १९९८मध्ये अमेरिकेतल्या एका ब्रोकरची दहा हजार खाती तपासली. लोक वाढलेले शेअर चटकन विकत होते आणि पडलेले जपून ठेवत होते, आणि विकलेले शेअर पुढच्या वर्षभरात ठेवलेल्यांपेक्षा सरासरीने चांगले चालले. विकेपर्यंत तोटा ‘झाला’ असं वाटत नाही. तुम्ही ऑर्डर रद्द करता ती त्याच आशेवर.

म्हणून बाबांना नावं ठेवू नका. दारात ट्रक उभा, हप्ते चालू, आणि खाण कधी उघडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आपल्याला किती झेपेल एवढं पाहून त्यांनी तोटा पत्करला. २०१५मध्ये खाणी सुरू झाल्या खऱ्या, पण मार्च २०१८मध्ये पुन्हा थांबल्या, तेही लक्षात घ्या. निर्णय योग्य होता की नाही हे नंतरच्या बातमीवरून ठरवायचं नसतं. तुम्हाला स्क्रीनसमोर जे जमत नाही, ते त्यांना जमलं होतं.

आता ज्या गोष्टीने मला जास्त काळजी वाटते ती. तुम्ही ऑप्शन विकत घेता. शेअर चांगल्या कंपनीचा असेल तर थांबण्याला काही अर्थ असतो. विकत घेतलेल्या ऑप्शनमध्ये थांबण्याचे पैसे तुम्हीच भरता. निफ्टी जागच्या जागी राहिला तरी प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, रोज झिजतो, आणि एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपण्याच्या, मंगळवारी दुपारी साडेतीनपर्यंत चाळीस रुपयांचा कॉल (निफ्टी वाढेल या अंदाजाने घेतलेला ऑप्शन) शून्यावर येऊ शकतो. ‘धीर धरा, भाव परत येईल’ हा सल्ला इथे घातक आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अहवालानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमधल्या (मुदतीच्या सौद्यांमधल्या) वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते, खर्चासकट सरासरी दोन लाखांच्या आसपास. त्या सगळ्यांना मन आवरता आलं नाही, असं मी मानत नाही. खेळाची घडणच तशी आहे.

दुप्पट लॉट मात्र आजपासून बंद. तुमचे पस्तीस टक्के गेलेत. दोन लाख साठ हजारांचे पुन्हा चार लाख व्हायला सुमारे ५४ टक्के कमवावे लागतील. हे एका आठवड्यात करायला गेलात तर उरलेलंही जाईल. कृपा करून ‘रिकव्हरी’ हा विचारच सोडा. गेलेले पैसे कुठल्या सौद्यात गेले हे बाजाराला ठाऊक नसतं, तो ते परत देणं लागत नाही.

मन ताब्यात ठेवायचा प्रयत्न बाजार चालू असताना करू नका, तेव्हा कुणाचंच राहत नाही. पूर्वी गिऱ्हाइकाला ऑर्डर फोनवर तोंडाने सांगावी लागायची. ‘अजून दोन लॉट’ म्हणताना आवाज अडखळायचा, आणि कितीतरी जण तिथेच ‘राहू दे’ म्हणायचे. मोबाइलच्या बटणाने ती सोय घालवली. ती परत आणा. कुठे घुसणार, कुठे बाहेर पडणार, किती रुपये गेले तर चालतील, हे रात्री दुकान बंद केल्यावर वहीत लिहा. वहीत नाही तो सौदा करायचा नाही. सकाळी सव्वानऊ ते साडेतीन औषधं द्या. प्रिस्क्रिप्शन वाचताना अर्धं लक्ष निफ्टीवर असणं ही पैशांपेक्षा मोठी जोखीम आहे, आणि ती तुमच्या गिऱ्हाइकांची आहे.

माझं स्पष्ट मत विचाराल, तर ब्रोकरला सांगून खात्यातला फ्युचर-ऑप्शनचा सेगमेंटच, म्हणजे त्या सौद्यांची सोयच, बंद करून घ्या. अ‍ॅपमधल्या किल स्विचवर (सौदे बंद करणाऱ्या बटणावर) अवलंबून राहू नका, तो थोड्या वेळापुरता असतो. दोन लाख चाळीस हजार बँकेत मुदत ठेवीत टाका. वीस हजार खात्यात राहू देत, त्यात कर्ज न घेता साधे शेअर घ्या, आणि शिकायचं ते त्यावर शिका. हे सगळं करण्याआधी, आज रात्री जेवणं झाली की, बायकोला खात्याचं स्टेटमेंट दाखवा. आकडा गोल करून सांगू नका.