ससा अचानक खाईना, वाट पाहावी का?

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा ससा कालपासून गवत आणि दाण्याला तोंड लावत नाही, कोथिंबीर मात्र खातो. लेंड्याही बारीक झाल्यात. परवा शेतातला ऊस थोडा दिला होता. दोन दिवस वाट पाहावी का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नको, आजच पशुवैद्यकाकडे न्या. बारा तास उपाशी राहिलं तरी सशाचं आतडं मंदावतं, गॅस धरतो आणि त्याला उलटीही करता येत नाही.

मऊ कोथिंबीर चालते, खरखरीत गवत नको, म्हणजे पहिला संशय दातांवर. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून ते झिजले नाहीत, तर दाढांना टोकं येऊन जीभ किंवा गाल कापतो. पुढचे दात ठीक दिसले म्हणून फसू नका. दाढा उपकरणानेच दिसतात. हनुवटीखालचे केस ओले आहेत का, तेवढं बघा. उसाच्या साखरेनेही आतड्यातले जिवाणू बिघडतात, तेव्हा ऊस, गूळ, चपाती बंद. (लाडच नडतात बहुतेक वेळा!)

दवाखान्यात पोहोचेपर्यंत वाटीत पाणी ठेवा. कान गार लागले तर टॉवेलात गुंडाळून ऊब द्या. पोट ढोलासारखं ताठ असेल तर पिचकारीने काही भरवू नका. घरातलं उरलेलं अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) तर अजिबात नको, तोंडावाटे दिल्यास ससा दगावू शकतो. जाताना कालच्या चार लेंड्या कागदात बांधून न्या.

बरा झाल्यावर वाळलं गवत हवं तेवढं; दाणा मात्र किलो वजनामागे रोज 25 ग्रॅमच.