आपल्या घराला कोण राखतं?

प्रिय चिऊ,

ओमाच्या, म्हणजे तुझ्या इथल्या जर्मन आजीच्या घरून आल्या आल्या तू विचारलंस, ‘आई, त्यांच्या घराला धूर राखतो. आपल्या घराला कोण राखतं?’ मी काहीच बोलले नाही. प्रश्न लागला म्हण, आवडला म्हण, दोन्ही खरं. समोर बसून मला नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. कंटाळा आला तर मध्येच सोड, मी विचारणार नाही.

ओमाचं तर तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. नाताळ ते ६ जानेवारी या बारा रात्री, राउनेख्टे. वोटान हा इथला जुना देव आपला मेलेल्यांचा ताफा घेऊन आभाळातून धावतो, म्हणून ओमा या दिवसांत दोरीवर कपडे वाळत घालत नाही. १५ ऑगस्टला चर्चमधून मंतरून आणलेली औषधी झुडपांची जुडी ती वर्षभर टांगून ठेवते आणि या रात्री निखाऱ्यांवर तिची पानं आणि धूप टाकून खोल्याखोल्यांतून फिरते. आधी घर, मग गोठा. आता गोठ्यात सायकली असल्या तरी तिथेही जाते, हे मला फार आवडतं.

या बारा रात्री कुठून आल्या, तर चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं, मधले उरलेले दिवस कोणाचेच नाहीत, असं इथे सांगतात. आपल्या पंचांगातही तेच दिवस उरतात गं. आपण ते साठवत जातो आणि साधारण तीन वर्षांनी त्यांचा अधिक महिना करतो. हे कळलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं होतं.

आता आपलं. आमच्या गावच्या घरी नानीपणजी रोज तिन्हीसांजेला चुलीतले निखारे धुपाटण्यात घ्यायची, वर राळ टाकायची आणि देवघर, माजघर, पडवी करत शेवटी गोठ्यात जायची. पाडसाला ठसका लागला की आम्ही हसायचो. छोटीमावशी जन्मली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वेखंड आणि लसणीच्या सालींची धुरी असे. तो वास माझ्या नाकात अजून आहे. त्यामुळे ओमाच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही.

गावाला बर्फ नव्हता. पौषात आंब्याला मोहोर यायचा, पहाटे अंगणात पातेऱ्याची शेकोटी पेटायची. रात्री मात्र काळोख असायचा, तू कधी बघितला नाहीस असा. मागीलदारी जायचं तर कंदील घेऊन आणि कोणाला तरी सोबत घेऊनच. मी घाबरले की नानी म्हणायची, ‘भियाचा न्हाय, वेतोबा फिरता हा.’

वेतोबा आमच्या शेजारच्या आरवलीचा. त्याला नवसाला केळ्यांचे घड देतात आणि चामड्याच्या भल्या मोठ्या वहाणा वाहतात. तो रात्रभर त्या घालून गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात. मी आबांना विचारलं होतं, खरंच झिजतात? आबा म्हणाले, ‘चालता म्हणान झिजतत.’ त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. इथे रात्री फिरणाऱ्याला बाहेर ठेवायचं म्हणून दारं लावून धूर करतात. आमच्या लोकांनी मात्र भुतांच्या राजालाच वहाणा दिल्या आणि गाव राखायला सांगितलं. यात काय शहाणपण आहे ते मला शाळेत असताना कळलं नव्हतं. विज्ञान शिकायला लागले तसा मी या सगळ्यावर घरात वाद घातला. आजही तुला ‘वेतोबा आहे’ असं छातीठोक सांगणार नाही. घरच्या राखणदाराला वर्षाला कोंबडा द्यायचे, ते मला तेव्हाही बघवत नसे आणि त्याची बाजू मी आजही घेणार नाही.

पण गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांसाठी घातलेलं साकडं. ते तुला सांगायलाच हवं. आबा नारळ ठेवून, हात जोडून उभे राहायचे. बाकीचे पुरुष त्यांच्याभोवती, आम्ही बायका-मुली मागे. गाऱ्हाणं बाईने घातलेलं मी कधी पाहिलं नाही, आणि ते मला खटकतं. ‘बा देवा म्हाराजा,’ आबा सुरू करायचे आणि आम्ही सगळे ओरडायचो, ‘व्हय म्हाराजा!’ मग एकेकाचं नाव. कोणाचं दुखणं, कोणाची नोकरी, गाभण गाय. ‘जे कोण मुंबैक हत, तेंची राखण कर रे म्हाराजा.’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘घरात काय इडा-पिडा आसात ती भायर काढ रे म्हाराजा.’ ‘व्हय म्हाराजा!’ मागे उभी असले तरी मी सगळ्यांत मोठ्याने ओरडायचे.

तुझा जन्म झाला त्या वर्षीपासून आबा त्यात तुझं नाव घेतात. ‘जर्मनीक आसा ती नात’ असं, कारण देवाला पत्ता नीट कळायला हवा असं त्यांचं म्हणणं. पंधरा-वीस माणसं, त्यातली कितीतरी तू पाहिलेलीही नाहीस, तुझं नाव आलं की ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. आपल्या घराला कोण राखतं, याचं माझ्याजवळ एवढंच उत्तर आहे. ते देवाचं आहे की माणसांचं, ते तू मोठी झालीस की तुझं तू ठरव. मलाही अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

आणि ५ तारखेच्या रात्री ओमाने तुला निखाऱ्यांचं भांडं धरायला बोलावलं आहे, त्याला माझी परवानगी विचारत होतीस. जरूर जा. सुती कपडे घाल, केस बांध, भांड्याची मूठ फडक्याने धर. दुसऱ्या दिवशी राजांचे मुकुट घालून मुलं दारावर खडूने आशीर्वाद लिहायला येतील, त्यांनाही आपल्या दारावर लिहू दे. रविवारी आबांना फोन करू तेव्हा गाऱ्हाण्याचं तूच विचार. मालवणीत विचारलंस तर अर्धा तास फोन ठेवणार नाहीत.

तुझी,
आई