डिझेल इंजिन आयडलला खडखडते म्हणून चारही इंजेक्टर बदलावेत का?

आपण लिहिले आहे की, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना बॉनेटखालून खडखड आवाज येतो, ॲक्सिलरेटर किंचित दाबला की तो थांबतो, आणि मेकॅनिक चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, बदलायला सांगत आहे. माझे उत्तर असे की, आज बदलू नका. इंजेक्टर खराब असूही शकतील. परंतु एवढ्या लक्षणांवरून थेट त्यांच्यावर बोट ठेवणे हा निव्वळ आळस आहे आणि त्याचे बिल मात्र गाडीमालकाच्या नावावर फाडले जाते.

इंजेक्टरच्या आवाजाला हिशेब असतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदाच ज्वलन होते, त्यामुळे ८०० आरपीएमवर एका बिघडलेल्या इंजेक्टरची टकटक मिनिटाला ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा, ठाम आणि एकसारखी ऐकू येते. रेस केल्यावर तिची लय वाढते. ती एकाएकी नाहीशी सहसा होत नाही. जोडीला बहुधा धूर असतो, किंवा आयडलला इंजिन अडखळते. आपण यांपैकी कशाचाही उल्लेख केलेला नाही.

माझी सबंध नोकरी कुपवाड एमआयडीसीत यंत्रांच्या देखभालीत झाली आणि हेच प्रकरण माझ्या स्वतःच्या गाडीवर गुदरले आहे, म्हणून इतके सविस्तर लिहितो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागात उभी असलेली माझी डिझेल सेडान बंपरच्या वरपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर ऑइल, फिल्टर, वायरिंग सगळे रीतसर पाहून घेतले आणि गाडी उत्तम चालू लागली. पुढे काही महिन्यांनी, सिग्नलला उभे राहिले की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज सुरू झाला. रेस केली की गप्प, पाय काढला की पुन्हा सुरू. एका गॅरेजने गाडीला हात न लावता इंजेक्टरचा अंदाजखर्च लिहून दिला. मी तो कागद घेऊन घरी आलो.

त्याच सुमारास आमचे साडू मिरजेहून आले. त्यांचा मालट्रकांचा व्यवसाय आहे आणि डिझेल इंजिन केवळ कानाने ओळखतो, असा त्यांचा लौकिक आहे, निदान सासरच्या मंडळींत तरी. त्यांनी बॉनेट उघडले, डोळे मिटून ऐकले आणि म्हणाले, “पाव्हणं, इंजेक्टर गेल्यात. पाना आणा, एकेक नट सैल करून दावतो कुठला ते.”

जुन्या ट्रकांवर ही रीत बरोबरच होती. यांत्रिक पंपाच्या इंजिनात एका इंजेक्टरच्या नळीचा नट सैल केला की तो सिलिंडर बंद पडतो. आवाज गेला तर दोषी सापडला. कॉमन रेलच्या, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) उच्च दाबाचे डिझेल पुरवणाऱ्या, इंजिनावर हा प्रयोग करणे हा अडाणीपणा आहे. तेथे आयडललाच रेलमध्ये दोन-तीनशे बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) दाब असतो आणि पूर्ण भाराला तो १,६०० बार किंवा त्याहूनही वर जातो. अशा दाबाने निसटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत मात्र शस्त्रक्रिया करण्याइतकी इजा झालेली असते. मी पाना दिला नाही. तो पाना न देणे हा त्यांचा अपमान ठरला आणि त्यावर आजही जेवणाच्या पंगतीत बोलले जाते.

त्यांच्यासमोरच मी इंजिन बंद केले, ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) फिरवणारा बाहेरचा बेल्ट काढला आणि अर्ध्या मिनिटापुरते इंजिन पुन्हा सुरू केले. खडखड साफ गेली होती. दोष ऑल्टरनेटरच्या पुलीत होता. बऱ्याच डिझेल गाड्यांत ही पुली साधी नसते; तिच्या आत एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. क्रँक दिसतो तितका एकसारखा फिरत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात ८०० आरपीएमवर त्याला सेकंदाला साधारण सत्तावीस धक्के बसतात आणि प्रत्येक धक्क्यानंतर तो किंचित मंदावतो. ऑल्टरनेटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, जड असतो आणि क्रँकच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरत असतो, त्यामुळे तो तितक्या चटकन मंदावू शकत नाही. पुलीतला क्लच त्याला त्या क्षणी मोकळे सोडतो. तो जाम झाला की प्रत्येक धक्का बेल्टवर येतो, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा हात फडफडतो आणि खडखडाट होतो. आरपीएम वाढले की धक्के जवळजवळ येतात, चढउतार कमी होतो आणि आवाज विरतो. आपण सांगितलेले लक्षण नेमके हेच आहे.

साडूंनी हार मानली नाही. त्यांचे म्हणणे असे की, बेल्ट काढल्याने इंजिनावरचा भार कमी झाला आणि म्हणून इंजेक्टरचा आवाज दबला. युक्तिवाद हुशारीचा आहे, हे मान्य. पण पुली बदलल्यावर तोच बेल्ट, तोच भार, तेच चार इंजेक्टर ठेवून आवाज गेला, याचे उत्तर त्यांनी मला आजवर दिलेले नाही. “गाडी गरम झाली हुती” हे उत्तर नव्हे.

आपली पुली पाहायची असेल तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवा, ऑल्टरनेटरच्या आतला पंखा जाळीतून लाकडी काडीने अडवा आणि पुली हाताने फिरवा. एका दिशेने ती मोकळी फिरली पाहिजे आणि दुसऱ्या दिशेने रोटरला धरून बसली पाहिजे. दोन्हीकडे पकडली किंवा दोन्हीकडे सुटली, तर ती बाद समजा. बदलताना टेन्शनरही तपासून घ्या, कारण तोवर सगळे हिसके त्यानेच सोसलेले असतात.

बेल्ट काढूनही आवाज राहिला तर पायाचा क्लच पूर्ण दाबून पाहा. दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या बाजूचे बेअरिंग किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचच्या बाजूचे, मध्ये स्प्रिंग असलेले दोन भागांचे जड चाक) संशयित. इंजिन बंद करताना जोरात खडखडून थांबत असेल तर फ्लायव्हीलचा संशय अधिक. सायलेन्सरच्या पाइपावरचे उष्णतारोधक पत्रे सैल होणे हे तर इतके सामान्य आहे की गाडी थंड असताना मुठीने ठोकून पाहिल्यावाचून कोणतेही बिल भरू नये. एवढे होऊनही इंजेक्टरवरच संशय राहिला, तर स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरच्या इंधन-दुरुस्तीचे आकडे (इंजिनाचा संगणक कोणाला किती डिझेल कमी-जास्त देतो ते) पाहायला सांगा आणि चारही इंजेक्टरची परतीची गळती, म्हणजे न फवारता टाकीकडे परत जाणारे डिझेल, बाटल्यांत मोजून घ्या. एकाच बाटलीत जास्त डिझेल जमले तर एकाच इंजेक्टरचे बोला.

आता काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. ऑइलचा दिवा लागत असेल, किंवा आवाज खडखड नसून खोलवरचा ठोका असेल आणि भार आल्यावर वाढत असेल, तर वरील एकही प्रयोग न करता इंजिन बंद करा. काही इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, म्हणून बेल्टविना अर्ध्या मिनिटाहून अधिक चालवू नका. तेवढ्या वेळात बॅटरीचा दिवा लागेल, तो अपेक्षितच आहे. सर्वच गाड्यांत अशी क्लचची पुली नसते, तेव्हा सुट्या भागाच्या दुकानात आपल्या इंजिनाचे मॉडेल सांगून आधी खात्री करा. आमच्या गाडीची पुली पुरामुळेच गेली, असेही मी छातीठोकपणे सांगणार नाही. न भिजताही ती झिजते. साडूंना तर पूरही मान्य नाही, पुलीही मान्य नाही. आपल्याकडे कोणी जाणकार पाना घेऊन रेलच्या नटाकडे वळला, तर तो कितीही जवळचा नातलग असला तरी आधी चावी काढून खिशात ठेवा.