गळ्यातलं बटण आणि आतली कडी

गेल्या महिन्यात मी उतारवयातल्या पडण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त जणांनी एकच गोष्ट विचारली आहे: गळ्यात घालायचं ते संकटाचं बटण, किंवा पडल्यावर आपोआप फोन लावणारं घड्याळ, घ्यावं का? त्यातली चार पत्रं निवडली आहेत. साताऱ्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देताना मला सव्वीस वर्षं झाली. सांगते ते त्या घरांतलं आणि काही आमच्या स्वतःच्या घरातलं.

ताई, मी टोरांटोला असते. आई ७८ वर्षांची, मिरजेत एकटी राहते. तिला इकडे करमत नाही, आणि वृद्धाश्रमाचं नाव काढलं की दोन दिवस ती माझा फोन उचलत नाही. मागच्या दिवाळीत न्हाणीघरात घसरली, वीस मिनिटांनी कशीबशी उठली आणि मला चार दिवसांनी सांगितलं. बटण घ्यावं की घड्याळ? पैशांचा प्रश्न नाही. (एक वाचक, टोरांटो)

बटण की घड्याळ हे नंतर पाहू. आधी आईला फोन करून एवढंच विचारा, की रात्री दाराला आतून कडी लावतेस का?

माझी आत्या वाईला एकटी राहायची. चुलतभावानं तिला असंच एक बटण आणून दिलं होतं. पहाटे पाचला ती न्हाणीच्या उंबऱ्यात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बटण देवघराशेजारच्या खिळ्याला होतं, कारण आंघोळीला जाताना गळ्यातली साखळी काढायची तिची जन्माची सवय, तिच्याबरोबर बटणही निघायचं. सहाच्या सुमाराला शेजारच्या काकूंना तिची हाक ऐकू आली. त्या धावत आल्या. त्यांच्याकडे आत्याच्या घराची किल्ली होती. पण दाराला आतून कडी होती आणि वर अडसरही. सुतार येऊन दार उघडेपर्यंत साडेसात झाले. अडीच तास ती ओल्या फरशीवर एका कुशीवर पडून होती.

हा वेळच घात करतो. तासाच्या वर एकाच अंगावर पडून राहिलं की दाबाखालची कातडी खराब होऊ लागते. बराच वेळ दाबले गेलेले स्नायू विरघळायला लागले, तर त्यातला मळ रक्तातून मूत्रपिंडात जाऊन ते बिघडू शकतं. अंग गार पडतं, शरीरातलं पाणी कमी होतं. आत्याचं हाड शस्त्रक्रियेनं सांधलं, पण पाठीच्या खालची जखम भरायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत तिची ड्रेसिंग मीच करत होते, म्हणून कडीचा विषय निघाला की मी हट्टाला पेटते. आतली कडी आणि अडसर काढून टाकायला सांगा. बाहेरून किल्लीनं उघडेल असं लॅच बसवा. एक किल्ली शेजारी, एक गावातल्या नातेवाइकाकडे. आणि आतल्या बाजूनं कुलपात किल्ली अडकवून ठेवायची सवय असेल तर तीही मोडा, कारण मग बहुतेक कुलपांत बाहेरची किल्ली फिरत नाही.

आता यंत्राकडे वळते. गळ्यातलं बटण सहसा स्वतः फोन लावत नाही. ते रेडिओ लहरींनी घरातल्या एका पेटीला खूण देतं. पेटीत सिमकार्ड, स्पीकर आणि माइक असतो आणि फोन ती पेटी लावते. एक तर कंपनीच्या केंद्राला, जिथं चोवीस तास माणूस बसलेला असतो, नाहीतर तुम्ही भरून दिलेल्या तीन-चार नंबरांना एकामागून एक. १९७४ मध्ये अँड्र्यू डिब्नर या मानसशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळ ‘लाइफलाइन’ सुरू केली, तेव्हाही मुख्य गोष्ट हीच होती: बटण दाबल्यावरचा फोन जवळच्या इस्पितळात घेतला जायचा आणि तिथला माणूस शेजाऱ्यांना पाठवायचा. म्हणून विकत घेताना मी पहिला प्रश्न विचारते तो पलीकडे कोण उचलणार हा. बॅटरी आणि रंग नंतर.

यादीत तुमचा नंबर पहिला ठेवू नका. मनाला लागेल, पण ऐका. मिरजेत पहाटेचे पाच वाजतात तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहा. तुम्ही गाडी चालवत असाल, फोन व्हॉइसमेलला जाईल, आणि काही पेट्या व्हॉइसमेल लागला की ‘कुणीतरी उचलला’ असं धरून पुढचा नंबर लावतच नाहीत. पहिला नंबर शेजाऱ्यांचा, दुसरा चालत दहा मिनिटांवर राहणाऱ्या कुणाचा, तिसरा तुमचा.

शिवाय ११२ आणि १०८ कॅनडातून लागत नाहीत. त्यामुळे मिरजेतल्या ज्या इस्पितळात आईचे कागद आहेत, तिथल्या अपघात विभागाचा आणि एखाद्या खासगी रुग्णवाहिकेचा पूर्ण नंबर, +९१ आणि एसटीडी कोडसकट, तुमच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका शेजाऱ्यांनीच बोलवायची आहे हे त्यांना स्पष्ट सांगा. माणसं गोंधळतात आणि आधी परदेशातल्या मुलीला फोन करत बसतात.

सिमबद्दल एक सांगते. आत्याचं सामान आवरताना कळलं की पेटीतल्या सिमचं रिचार्ज दोन महिन्यांपूर्वीच संपलं होतं. बटण गळ्यात असतं तरी फोन लागला नसता. ज्यांनी पेटी विकली त्यांनी ना संदेश पाठवला ना फोन केला. म्हणून सिम वर्षभराच्या रिचार्जचं घ्या आणि तारीख तुमच्या कॅलेंडरमध्ये टाका. स्वस्तातल्या बऱ्याच पेट्या फक्त टू-जीवर चालतात, त्यांत जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं जाळंच फोर-जीपासून सुरू होतं. मिरजेत घरात कोणत्या कंपनीची रेंज चांगली येते ते पाहून पेटी निवडा.

माझं मत विचाराल तर तुमच्या आईसाठी पाण्यात चालणारं बटण, आणि तेही मनगटावरच्या पट्ट्यात. आपल्या बायका गळ्यातलं काढतात, पण बांगड्या घालूनच आंघोळ करतात, त्यामुळे मनगटावरचं तिथंच राहतं. पडणं आपोआप ओळखणारं घड्याळ चांगलं आहे. अॅपलनं २०१८ मध्ये आणलं, नंतर सॅमसंगनंही. अॅपलच्या घड्याळात जोराची पडझड झाली आणि साधारण मिनिटभर हालचाल दिसली नाही, तर ते स्वतः मदतीचा फोन लावतं. पण फोन जवळ असावा लागतो किंवा घड्याळातच सिमची सोय लागते, आणि जवळपास रोज चार्ज करावं लागतं. शिवाय धपकन पडणं त्याला कळतं, पण चक्कर येऊन भिंतीला धरत हळूहळू खाली बसलेलं माणूस त्याच्या लक्षात येईलच असं नाही. बटणाला हे सगळं समजायची गरज नाही, हात पोचला की झालं.

आणल्यावर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आईनं बटण दाबायचं, न्हाणीघरात जमिनीवर बसून. तिथून बोललेलं पेटीला ऐकू जातं का, शेजारच्या काकूंचा फोन वाजतो का, किल्ली फिरते का, हे तिन्ही त्याच वेळी पाहायचं. तुम्ही तेव्हा व्हिडिओ कॉलवर राहा.

मी ८१ वर्षांचा, रेल्वेतून निवृत्त, डोंबिवलीत एकटा राहतो. मुलानं पुण्याहून घड्याळ पाठवलं. मी कुठं आहे ते त्याला दिसतं. परवा फडके रोडला ओळखीच्या दुकानात अर्धा तास बसलो तर फोन आला, “बाबा, का थांबलात?” मी घड्याळ काढून कपाटात ठेवलं. माझं चुकलं का? (एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली)

काका, राग येणं अजिबात चुकलेलं नाही. आयुष्यभर स्वतःच्या वेळापत्रकावर चाललेल्या माणसाला असा जाब विचारणं बरोबर नाही, आणि हे मी तुमच्या मुलालाही सांगेन. पण घड्याळ कपाटातून काढा.

केंब्रिजच्या संशोधकांनी नव्वदीपुढच्या माणसांच्या पडण्यावर केलेला एक अभ्यास २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. एकटं असताना पडलेल्या ज्या माणसांकडे मदतीचं बटण होतं, त्यांच्यातल्या सुमारे ८० टक्के जणांनी ते दाबलंच नव्हतं. कुणाला वाटलं आपलं आपण उठू, कुणाला कुणाला त्रास द्यायचा नव्हता, कुणाच्या अंगावर ते नव्हतंच. हे मी माझ्या घरांत रोज पाहते. घड्याळ मुलाचं आहे असं ज्यांना वाटतं, ते संकटातही ते वापरत नाहीत. ते तुमचं व्हायला हवं.

त्यासाठी मुलाशी अटी घालून बोला. रोजचं ठिकाण त्याला दिसणं ही घड्याळातली वेगळी सोय आहे आणि ती बंद करता येते. ती बंद केली तरी तुम्ही मदतीचं बटण दाबलंत की तुमचं ठिकाण तुम्ही निवडलेल्या माणसांना जातं. ही यादीही तुम्हीच करा. पहिलं नाव मुलाचंच हवं असं नाही. शेजारचा मित्र असेल तर त्याचं घाला. बदल्यात मुलाला रोज सकाळी आठच्या आत एक शब्दाचा संदेश पाठवा. साडेआठपर्यंत आला नाही तर त्यानं शेजाऱ्यांना फोन करायचा, एरवी “का थांबलात” म्हणायचं नाही.

आणि आपलं आपण उठायचं असेल तर ते शिकून घ्या, आत्ताच, घरात कुणी असताना. मी गादीवर शिकवते. पडल्यावर लगेच उठायला जायचं नाही. दोन मिनिटं श्वास घ्यायचा आणि पाय हलतात का ते पाहायचं. मांडीच्या सांध्यात कळ येते, एक पाय आखूड वाटतो किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला फिरलं आहे, असं असेल तर उठायचंच नाही, बटण दाबायचं. तसं काही नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग दोन्ही हात आणि गुडघ्यांवर रांगत जड खुर्चीपर्यंत जायचं. प्लास्टिकची नको, ती सरकते. दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, जोरकस पाय पुढे घेऊन पाऊल टेकवायचं, आणि रेटून उठून वळून बसायचं. बसल्यावर पाच मिनिटं उभं राहायचं नाही. साताऱ्यातल्या माझ्या एका पेशंटला, ८४ वर्षांच्या आजोबांना, हे जमायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी ते स्वतः गादीवर आडवे झाले आणि मला म्हणाले, “घड्याळ लावा, किती मिनिटं लागतात बघा.” चार मिनिटं लागली.

या घड्याळांना हार्ट अटॅक आधी कळतो का? (एक वाचक, नांदेड)

नाही. काही घड्याळं हृदयाची एक प्रकारची अनियमित लय पकडतात आणि हृदयाकडे एकाच बाजूनं पाहणारा ईसीजी काढतात, तेवढंच. हार्ट अटॅक त्यांना ओळखता येत नाही. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असेल तर घड्याळात काय दिसतंय ते न पाहता १०८ लावा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन पेन्शन, कायदा, मनाचा त्रास यांसाठी उपयोगी आहे, पण ती सकाळी आठ ते रात्री आठच असते. रात्री दोनला छातीत दुखलं तर तिच्यावर विसंबू नका.

आम्ही देवरुखजवळच्या वाडीत राहतो. मी ६९, हे ७५. रेंज फक्त विहिरीजवळ येते. घरात साधा बटणांचा मोबाइल आहे. आमच्यासाठी असं काही आहे का? (एक वाचक, जि. रत्नागिरी)

विहिरीजवळ असाल तर साध्या मोबाइलवरही सोय आहे. २०१७ पासून विकल्या गेलेल्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरला की ११२ ला फोन लागायला हवा, तसा सरकारचा नियम आहे. स्मार्टफोनवर बंद-चालू करायचं बटण तीनदा झटपट दाबायचं. तुमच्या फोनवर कोणता आकडा चालतो ते माहितीपुस्तिकेत किंवा विकणाऱ्या दुकानात विचारून घ्या, म्हणजे उगाच ११२ ला फोन जाणार नाही.

घरात मात्र रेंज नसेल तर सिमवरचं कुठलंही बटण घेऊ नका, पैसे वाया जातील. चिपळूणजवळच्या एका पेशंटच्या घरी मी पाहिलेला उपाय सांगते. त्यांनी दाराची बिनतारी घंटा आणली, पाचशे-सातशे रुपयांची. बटण आजींच्या मनगटाला पट्टीनं बांधलं आणि वाजणारा भाग शेजारच्या घरात ठेवला. तिला सिम लागत नाही आणि रेंजही लागत नाही. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या जागेतलं असतं, चिऱ्याच्या भिंती बरंच खातात. म्हणून दुकानदाराशी बोलून ठेवा, चालली नाही तर परत करू. वाजणारा भाग सॉकेटमध्ये खोचायचा असतो तो नको, पावसात वीज गेली की घंटा मुकी. सेलवर चालणारा घ्या. शेजाऱ्यांकडे तो झोपायच्या खोलीत ठेवा, पडवीत नको. बटण पाण्यापासून जपायला आजींच्या सुनेनं त्याला जाड प्लास्टिकची पिशवी शिवली होती, आणि ती न्हाणीतही हातातच असायची.

घंटा आणलीत की यांना न्हाणीत बसवा, दार लावा, आणि तुम्ही शेजारच्या घरात जाऊन उभ्या राहा. ऐकू आली तर मला कळवा. नाही आली तरी कळवा, मग दुसरं काहीतरी शोधू.