राखीव जागेची वाट पाहणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

संसदेत महिलांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, आता आपली पाळी कधी, अशा अर्थाची पत्रे २०२३ च्या घटनादुरुस्तीपासून सातत्याने येत आहेत. त्यांतील पाच प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (लातूर): पुढच्या लोकसभेला आमचा मतदारसंघ महिलांसाठी राखीव होणार, असे सगळे म्हणतात. तयारीला लागू का?

सगळे म्हणजे नेमके कोण, हे आधी विचारावे. १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा महिलांसाठी ठेवल्या. परंतु अनुच्छेद ३३४-अ नुसार, दुरुस्तीनंतरच्या पहिल्या जनगणनेची आकडेवारी प्रसिद्ध होऊन मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावरच हे आरक्षण लागू होते. या जनगणनेचा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरली जाते तो दिवस, १ मार्च २०२७ आहे. तेव्हा कोणता मतदारसंघ राखीव होईल, हे आज छातीठोकपणे सांगणारा माणूस एकतर भाबडा आहे किंवा लबाड. विधेयक पहिल्यांदा मांडले गेले १९९६ साली. मंजुरीला २७ वर्षे लागली आणि ती मिळाली तीही अशा अटींना बांधून. तयारीला मात्र आजच लागा. खुल्या मतदारसंघातून लढायला महिलांना मनाई नाही, ही साधी गोष्ट आरक्षणाच्या गलक्यात विसरली जाते.

प्रश्न (परभणी): मला तीन अपत्ये आहेत. विधानसभा लढवता येईल का?

येईल. दोन अपत्यांची अट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांना आहे.

प्रश्न (बीड): एका निवडणूक सल्लागाराने 'संभाव्य महिला राखीव मतदारसंघांची यादी' आणि प्रशिक्षण यांसाठी मोठी आगाऊ रक्कम मागितली आहे. द्यावी का?

देऊ नये. जी यादी अस्तित्वातच नाही, ती तुम्हाला विकली जात आहे. उमेदवाराला भरावी लागणारी सरकारी अनामत रक्कम लोकसभेसाठी २५ हजार आणि विधानसभेसाठी १० हजार रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ती निम्मी भरावी लागते, महिलांना म्हणून वेगळी सवलत नाही. 'महिला कोट्यातून कमी करून देतो' म्हणणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. पैसे आधीच दिले असतील, तर पावती आणि मोबाईलवरील संदेश जपून ठेवून वकिलास भेटावे, आणि लवकर भेटावे.

प्रश्न (नांदेड): महिला उमेदवार निवडून येत नाहीत म्हणून पक्ष तिकीट देत नाहीत, हे खरे का?

ही चावडीवरची गोष्ट झाली. २०२४ च्या लोकसभेला देशभरात सुमारे ८,३०० उमेदवारांत महिला होत्या सुमारे ८०० आणि त्यांतल्या ७४ निवडून आल्या. पुरुषांचे यशाचे प्रमाण याहून कमी निघते. (अपक्ष पुरुषांच्या गर्दीमुळे ते आणखी खाली जाते, हेही मान्य करते.) लातूरमध्ये २००४ साली रूपाताई पाटील निलंगेकर यांनी शिवराज पाटील चाकूरकर यांना हरवले होते, ते काही महिला राखीव जागेवरून नव्हे. तरीही २०२४ मध्ये मराठवाड्यातील आठही खासदार पुरुषच आहेत. अडचण मतपेटीपाशी नाही, उमेदवारी ठरते त्या बैठकीत आहे.

प्रश्न (धाराशिव): मी पाच वर्षे सरपंच होते, कारभार यजमान पाहत. आता विधानसभेची इच्छा आहे. पक्षाचे लोक 'अनुभव नाही' म्हणतात. काय करावे?

ताई, पक्षाचे लोक या एका बाबतीत खोटे बोलत नाहीत, आणि दोष एकट्या तुमचाही नाही. मागे माझ्याकडे एक सरपंच बाई चौकशीची नोटीस घेऊन आल्या होत्या. प्रत्येक प्रश्नाला त्या यजमानांकडे पाहत आणि उत्तर यजमान देत. शेवटी यजमानांना मी चहाला बाहेर पाठवले. मग त्याच बाईंनी कोणत्या वस्तीवरचा हातपंप केव्हापासून बंद आहे, टँकर कोणाच्या दारात रिकामा होतो आणि कोणत्या कोऱ्या धनादेशावर कोणी सही घेतली, हे कागद न पाहता सांगितले. अनुभव त्यांच्यापाशी होता; नोंद मात्र दुसऱ्याच्या नावावर होती आणि जबाबदारी तेवढी त्यांच्या सहीवर.

विधानसभा आणि लोकसभेचे रस्ते आपल्याकडे साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती यांच्या अंगणातून जातात. पैसा, गाड्या, कार्यकर्ते तेथूनच निघतात. सहकार कायद्याने सहकारी संस्थेच्या संचालक मंडळावर महिलांसाठी राखलेल्या जागा अवघ्या दोन, आणि त्यांवरही बहुधा अध्यक्षांच्या घरातलेच नाव असते. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या, मधल्या पायरीवर दोन, आणि वर गेल्यावर अनुभव मागायचा, हा हिशेब कोणी जमवला? राखीव मतदारसंघ आले आणि कारभार घरच्याच माणसाच्या हाती राहिला, तर 'सरपंचपती'च्या जागी 'खासदारपती' येईल, ही माझी खरी धास्ती आहे.

तुमच्या कार्यकाळातील एखाद्या व्यवहाराची चौकशी प्रलंबित आहे का, हे मात्र उमेदवारीआधी तपासून घ्यावे लागेल. ते पत्रातून होणार नाही. जवळच्या जाणत्या वकिलाकडे जाताना मासिक सभांचे इतिवृत्त आणि बँकेचा खातेउतारा सोबत न्या. यजमान आलेच, तर त्यांना बाहेरच्या बाकावर बसू द्या.