सुटे पार्ट्स जुळवून केलेल्या स्ट्रॅटवर (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धर्तीच्या गिटारवर) फेंडरचं डिकॅल (नावाचं स्टिकर) लावून ती विकली तर चालेल का?

नाही. बॉडीचा आकार आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत फेंडरने स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर आणि प्रिसिजन बेस या आपल्या गिटारच्या बॉडीच्या आकारावर ट्रेडमार्क मागितला होता. 2009 मध्ये तो नाकारला गेला, कारण इतरांनीही तेच आकार वर्षानुवर्षं बनवले होते आणि फेंडरने ते अडवले नव्हते. हेडस्टॉकचा (तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाचा) आकार आणि नाव मात्र नोंदणीकृत आहेत. म्हणून बाहेरचे बदली नेक (हेडस्टॉकसकट गिटारची लांब मान) बनवणारे फेंडरकडून लायसन्स घेतात. स्ट्रिंग सैल करून मागचे चार स्क्रू काढलेत, की नेकच्या टाचेवर (बॉडीत बसणाऱ्या टोकावर) सहसा तसा शिक्का दिसतो.

त्या लायसन्समध्ये डिकॅल येत नाही; येतं असं समजायची गफलत फार जण करतात. ‘पार्ट्स जोडून केलीय’ असं गिऱ्हाइकाला सांगितलंत तरी भागत नाही. तो पुढे विकेल तेव्हा तिसऱ्या माणसाला फक्त नाव दिसणार, आणि फसणार तोच.

लावलेलं असेल तर विकण्याआधी काढा. कडेवरून नख फिरवा. अडकलं तर डिकॅल लॅकरच्या (लाकडावरच्या पारदर्शक थराच्या) वर आहे, प्लास्टिकच्या कार्डाने हळूहळू सुटेल. न अडकल्यास ते लॅकरखाली आहे. मग 400 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून वर नवा लॅकर द्यावा लागतो. या नखाच्या चाचणीवर अस्सल-नकली मात्र ठरवू नका, फेंडरच्याच कित्येक जुन्या नेकवर डिकॅल लॅकरच्या वर आहे.