विदर्भात वर्षावन नाही, मग वर्षावनाच्या कॅनपीचा अभ्यास नागपूरहून सुरू करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, घर नागपुरात. वर्षावनातल्या उंच झाडांच्या शेंड्यांवर, म्हणजे कॅनपीत, काय चालतं याची ओढ लागली आहे. पण आपल्याकडे सगळं पानझडी जंगल, म्हणून हा विषय आपल्यासाठी नाहीच का? आणि तिथं वर लोक पोहोचतात तरी कसे?

मी नागपुरातच एका कॉलेजात बरीच वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय. मधे दोन हंगाम पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, कळक्कड-मुंडनतुराईच्या जंगलात, दोरानं झाडांवर चढायचं काम केलं. त्या भरवशावर सांगतो, विषय तुमचाच आहे. वर्षावनाचा माथा हा त्याच्या पायथ्यापेक्षा आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याला जास्त जवळचा आहे. हे वाचून आश्चर्य वाटेल, म्हणून आधी एक आंब्याचं झाड दाखवतो.

हिंगण्याकडे एका ओळखीच्यांचं शेत आहे. बांधावर जुना आंबा. मे महिन्यात गेलो होतो, तर त्यांचा सालदार म्हणाला, "सर, या आंब्याले बांडगूळ लागलं. कापून टाकू का?" शिडी लावून वर चढलो. पाहतो तर बांडगूळ नव्हतंच, वांदा होता. काही जण त्याला रास्ना म्हणतात. जाड, चामड्यासारखी पानं दोन ओळींत बसलेली, आणि करंगळीएवढी जाड, पांढरीफटक मुळं सालीला घट्ट चिकटून खाली उतरलेली. सालदाराला वर बोलावलं आणि बाटलीतलं पाणी त्या मुळावर ओतलं. क्षणात पांढरं मूळ हिरवं झालं. तो बघतच राहिला. "हे तं प्यालं की सर!"

खरंच प्यायलं होतं. त्या मुळाभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचं स्पंजासारखं वेष्टण असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरड्यात त्यात हवा भरलेली असते म्हणून मूळ पांढरं दिसतं. पाणी लागलं की ते शोषून घेतं, पारदर्शक होतं आणि आतला हिरवा थर दिसू लागतो. मातीतलं मूळ दिवसभर सावकाश पाणी ओढू शकतं. फांदीवरच्या मुळाला पाऊस पडतो तेवढ्या वेळातच काय ते मिळवावं लागतं.

बांडगुळाची गोष्ट वेगळी. त्याचं बी चिकट असतं. फुलटोच्या पक्षी फळ खातो, बी त्याच्या शेपटीखाली चिकटतं आणि तो ते फांदीवर घासून टाकतो. मग ते रुजतं, सालीतून आत शिरतं आणि आंब्याचं पाणी ओढतं. वांदा आंब्याचं काहीच घेत नाही, फक्त बसायला जागा घेतो. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. जगातल्या संवहनी (पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असलेल्या) वनस्पतींच्या साधारण दर दहा जातींमागे एक अपिवनस्पती आहे आणि त्यातल्या बहुसंख्य वर्षावनांच्या फांद्यांवर राहतात. आपल्याकडे मात्र झाडावर काहीही वाढलेलं दिसलं की बांडगूळ म्हणून कोयता चालतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता वर्षावनाकडे या. वर्षावन म्हटलं की ओल, अंधार, जळवा आठवतात. ते खालचं चित्र झालं. जमिनीपर्यंत उन्हाचा जेमतेम एक-दोन टक्का पोहोचतो, वारा जवळपास नसतोच, दमट हवा कोंडलेली असते. तीस मीटर वर गेलात की सगळंच बदलतं. डोक्यावर थेट ऊन, अंगावर वारा, आणि पाऊस थांबून तास-दोन तास झाले की फांदी कोरडी ठणठणीत. पहिल्यांदा चढलो तेव्हा खालून निघताना सदरा घामानं चिंब होता, वर पोहोचेपर्यंत वाऱ्यानं सुकला आणि ओठ कोरडे पडले. पाणी धरून ठेवायला खाली माती नाही, पाऊस अधूनमधून, ऊन रोजचं. अशा जागी जगायचं तर वाळवंटातल्या झाडांच्या युक्त्या लागतात. जाड पानं, साठवलेलं पाणी, दिवसा बंद आणि रात्री उघडणारी पर्णरंध्रं. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनात तर चक्क निवडुंग फांद्यांवर वाढतात. हिंगण्याच्या आंब्यावर मे महिना काढणारा वांदा हीच सगळी सामग्री घेऊन बसला आहे.

उन्हाचाच धागा पुढे नेतो, कारण तो मला सगळ्यात काळजीचा वाटतो. उष्ण कटिबंधातल्या झाडांची पानं सरासरी ४६.७ अंश सेल्सिअसपर्यंत तापली की त्यांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा मोडू लागते. हे पानाचं तापमान, हवेचं नव्हे. हवा पस्तीस अंशांवर असली तरी थेट उन्हातलं, पाण्याला मोताद झालेलं पान चाळीसच्या वर सहज जातं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या उपकरणानं वर्षावनांच्या माथ्यांचं तापमान मोजलं आणि २०२३ मध्ये निष्कर्ष आला की माथ्यावरच्या पानांपैकी सुमारे ०.०१ टक्का पानं आजच ही मर्यादा ओलांडतात. आकडा लहान आहे. पण त्याच अभ्यासाचा अंदाज आहे की तापमान अजून चार अंशांच्या आसपास वाढलं तर ही जंगलं सावरण्यापलीकडे जाऊ शकतात. आपल्या सागानं उन्हाळ्यात पानं झाडून टाकायची वाट शोधली. सदाहरित झाडाला ती सोय नाही. पान तापलं की काय होतं हा प्रश्न नागपूरच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

आता मातीबद्दल. फांदीवर मातीच नाही असं मघाशी म्हटलं, त्यात थोडी भर घालायला हवी. जाड फांद्यांवर शेवाळ साचतं, त्यात पडलेली पानं, धूळ, किड्यांची विष्ठा अडकते, ते कुजतं, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की फांदीवरच माती तयार होते. कळक्कडला एका बेचक्यात हात घातला तर मनगटापर्यंत आत गेला. वास पहिल्या पावसानंतरच्या वावराचा. जमीन पंचवीस मीटर खाली, आणि मी तिथं मुठीत काळीभोर माती धरून लोंबकळत होतो. नलिनी नाडकर्णी या शास्त्रज्ञांनी (वडील भारतातले, जन्म आणि काम अमेरिकेत) वॉशिंग्टन राज्यातल्या समशीतोष्ण वर्षावनात असंच शेवाळ सोलून पाहिलं. आत मुळं सापडली. ती माग काढत गेल्या तर मुळं अपिवनस्पतींची नव्हती, ते शेवाळ ज्या मेपलवर होतं त्याच्याच फांदीतून फुटलेली होती. झाड आपल्याच खांद्यावरच्या मातीत मुळं सोडून तिथलं अन्न-पाणी घेत होतं. १९८१ मध्ये 'सायन्स'मध्ये हे छापून आलं. म्हणजे वर बसलेल्यांचा झाडाला भारच होतो असं नाही, झाड त्यांच्या जोरावर जेवतंही. सालदाराला हे सांगितलं तेव्हा त्यानं कोयता बाजूला ठेवला.

वर पोहोचतात कसे? सगळ्यात चालणारी पद्धत दोराची. गलोलीनं किंवा धनुष्यानं बारीक दोरी भक्कम फांदीवरून पलीकडे टाकायची, तिला बांधून जाड दोर ओढून घ्यायचा, आणि गिर्यारोहकांसारखा कंबरपट्टा आणि जुमार (दोराला घट्ट पकडणारी, फक्त वर सरकणारी पकड) वापरून चढायचं. चढण्याहून जास्त वेळ फांदी निवडण्यात जातो. पनामात ॲलन स्मिथ यांनी १९९० मध्ये इमारतींच्या बांधकामाची टॉवर क्रेन जंगलात उभी केली. तिच्या पाळण्यात बसून फांद्यांच्या टोकांपर्यंत जाता येतं, जिथं दोराचा माणूस कधीच पोहोचत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्सिस आले यांनी तर १९८६ मध्ये हवेनं फुगवलेला तराफा हवाई जहाजानं नेऊन झाडांच्या शेंड्यांवर ठेवला. एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घ्या. एकट्यानं, शिक्षणाशिवाय, जुन्या दोरावर कधीही चढायचं नाही. नाडकर्णींसारख्या तीस वर्षांहून जास्त काळ चढणाऱ्या बाई २०१५ मध्ये सुमारे पंधरा मीटरवरून पडल्या, मणके-बरगड्या मोडल्या. बऱ्या होऊन त्या पुन्हा कामाला लागल्या, पण प्रत्येकाचं तसं होत नाही.

किडे हा तर वेगळ्या उत्तराचा विषय आहे. टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडला आणि खाली पडलेले किडे मोजले, तर नुसत्या भुंगेऱ्यांच्या सुमारे १२०० जाती भरल्या. त्यावरून १९८२ मध्ये त्यांनी उष्ण कटिबंधात तीन कोटी जाती असाव्यात असा हिशोब मांडला. पुढे तो आकडा बराच खाली आला, पण प्राणिशास्त्रज्ञांची मान पहिल्यांदा वर वळली ती त्या हिशोबानं. पुढे पनामातल्याच सान लोरेन्झोच्या जंगलात अर्धा हेक्टरही नसलेल्या जागेतून संधिपाद प्राण्यांच्या (किडे, कोळी वगैरे) ६१४४ जाती नोंदल्या गेल्या, ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

मला स्वतःला मुंग्या जास्त भावतात. पेरूच्या जंगलात एक मुंगी आहे, सेफॅलोटिस. फांदीवरून झटकली तर ती सरळ खाली पडत नाही. हवेत वळते, पोटाचं टोक पुढे करून तिरकी घसरते आणि त्याच झाडाच्या खोडाला येऊन चिकटते. पंख नाहीत, तरी. खाली जमिनीवर पडणं तिच्यासाठी घराचा रस्ता हरवणं आहे. हे २००५ मध्ये 'नेचर'मध्ये आलं.

आणि कॅनपीतली मुंगी पाहायला पेरूला जायचीही गरज नाही. गडचिरोलीत आणि बस्तरमध्ये जिची चटणी करतात ती लाल मुंगी, कोकणातली ओंबील, ही अस्सल शेंड्यावरची मुंगी आहे. कामकरी मुंग्या एकमेकींची कंबर धरून साखळी करतात, दोन पानं जवळ ओढतात. दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून हातमागाच्या धोट्यासारख्या इकडून तिकडे फिरवतात. पानं शिवणारं रेशीम या अळीच्या तोंडातून येतं, मोठ्या मुंगीला ते काढताच येत नाही. आफ्रिकेपासून आशियापर्यंतच्या वर्षावनांत या मुंग्यांनी झाडांचे माथे आपसांत वाटून घेतलेले असतात. एका टोळीच्या झाडावर दुसरी टोळी येत नाही, आणि कोणती टोळी आहे यावर त्या झाडावर दुसरे कोण किडे राहणार हे ठरतं.

तेव्हा सुरुवात अशी करा. मेट्रोच्या ॲक्वा लाइननं सीताबर्डीहून लोकमान्य नगरकडे जा, खिडकीशी उभ्या राहा. एरवी मान वर करून पाहतो ते झाडांचे माथे तिथं डोळ्यांच्या रेषेत येतात. रोज जात असाल तर ठरावीक दोन-तीन झाडं धरा आणि पालवी, फुलं, फळं कधी येतात ते वहीत लिहा. सीझनवॉच या उपक्रमात त्या नोंदी देताही येतात. दुसरं, गच्चीला लागून झाड असेल तर दोन साधे तापमापक घ्या. एक बुंध्याशी सावलीत, एक गच्चीच्या उंचीला पानांच्या आत टांगा. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री नऊ, एवढंच. एप्रिल-मे दोन महिने हे केलंत तर कॅनपीच्या अभ्यासातला पहिला धडा, उंचीबरोबर हवामान कसं बदलतं, तुमच्या हातात स्वतःच्या आकड्यांनी येईल. तिसरं, दुर्बीण उधार मिळाली तर आंबा आणि मोह तपासा. वांदा फुलतो तो उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस सुरू होता होता. पिवळट-तपकिरी चौकटीच्या पाकळ्या आणि मधे जांभळी जीभ. एकदा पाहिलात की विसरणार नाही.

तिसऱ्या वर्षानंतर सुट्टीत पश्चिम घाट बघाच. कळक्कडच्या जंगलात टी. गणेश आणि सौभद्रा देवी यांनी वरच्या फुलांचं परागीभवन कोण करतं याचा अभ्यास केला, तो शोधून वाचा. तिथल्या कुलेनिया या झाडाच्या फुलांना पाकळ्याच नसतात, मांसल नळी असते, आणि वटवाघळं, शेकरू, सिंहपुच्छ वानर त्यावर तुटून पडतात. पदव्युत्तर शिक्षणाला देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस), पीएच.डी.ला बंगळुरूचीच एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था, ही नावं आत्ताच लिहून ठेवा.

घराजवळ कोणतं झाड आहे आणि गच्ची कितव्या मजल्यावर आहे ते कमेंटमध्ये कळवा. तापमापक कुठे टांगायचे ते त्यावरून सांगतो.